ओकच्या कोरीव कपाटाची भेग दर हिवाळ्यात पुन्हा का उघडते?

लक्षण असं. ओकचं जुनं कोरीव कपाट. उन्हाळ्यात दाराचं पॅनेल अखंड दिसतं, फार तर नखाला लागेल इतकी रेघ. ऑक्टोबर संपता संपता घरात हीटिंग सुरू होतं आणि डिसेंबरातल्या एखाद्या रात्री दिवाणखान्यातून 'टक्' असा कोरडा आवाज येतो. सकाळी बघावं तर रेघेची भेग झालेली. भरून टाकावी, तर पुढच्या हिवाळ्यात तिथेच किंवा बोटभर शेजारी पुन्हा हजर, आणि आधीपेक्षा रुंद.

नेदरलँड्समधल्या यूट्रेख्टच्या आमच्या घरात हे चार हिवाळे चाललं. कपाट जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेलं. इकडे अशी अवजड कपाटं कुणालाच नको असतात, म्हणून किंमत हास्यास्पद आणि वाहतूक तिच्यापेक्षा महाग. पुण्यातल्या मित्राला फोटो पाठवला तर त्याचा पहिला प्रश्न, "कुठल्या ओकांकडचं?" वर कंगोऱ्याखाली सिंहांची तोंडं, कोपऱ्यांना खांबांऐवजी अर्ध्या बायका, अर्धे खांब, आणि दोन दारांवर श्रद्धा आणि आशा, म्हणजे या ख्रिस्ती सद्गुणांच्या स्त्रीमूर्ती. आशेच्या हातात नांगर असतो, बोटीचा. भेग नेमकी तिच्या कपाळातून निघून नांगरापर्यंत उतरलेली.

आधी मी काय काय चुकीचं केलं ते सांगतो, कारण बहुतेकांनी यातलं एखादं तरी केलेलं असणारच. पहिल्या हिवाळ्यात दुकानातली ओक रंगाची पुट्टी भरली. दुसऱ्या हिवाळ्यात ती एका कडेने सुटून भेगेत लोंबायला लागली, म्हणून खरवडून काढली आणि 'आता बघतोच' म्हणून इपॉक्सी भरलं. तिसऱ्या हिवाळ्यात इपॉक्सी जागच्या जागी, दगडासारखं, पण त्याच्या शेजारी नवी भेग. मग एका कारागिराला बोलावलं. त्याने पॅनेलच्या मागून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने घट्ट बसवल्या. चौथ्या हिवाळ्यात भेगा तीन.

कोकणातल्या घराचं दार आठवा. पावसाळ्यात ते फुगतं, खांदा लावून ढकलावं लागतं; दिवाळीनंतर आपोआप सैल होतं. ओकही तेच करतो, फक्त ऋतू वेगळे. बाहेर शून्य अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रता असेल तेव्हा ती हवा 'दमट' वाटते. पण तीच हवा घरात घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली येते. युरोपातला बंद घरातला जानेवारी म्हणजे लाकडाच्या दृष्टीने वैशाखातलं ऊन. पासष्ट टक्के आर्द्रतेत ओकमध्ये साधारण १२ टक्के पाणी टिकून राहतं, पंचवीस-तीस टक्क्यांत ते सहाच्या आसपास येतं. या फरकाने लांबीला जवळपास काहीच होत नाही, रुंदी मात्र घटते. माझं पॅनेल ३८ सेंटिमीटर रुंद आहे. फळी खोडाच्या मध्यापासून सालीच्या दिशेने कापलेली असेल तर ते तीन ते चार मिलिमीटर आकसतं. वाढीच्या वलयांना समांतर कापलेली असेल तर जवळपास दुप्पट.

या आकसण्याला जागा असेल तर काही बिघडत नाही. जुन्या सुतारांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर चौकट आणि पॅनेल ही रचना आली: चौकटीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या सांध्यात लाकडी खुंट्या ठोकून पक्क्या केलेल्या, आणि पॅनेल त्यांच्या खोबणीत नुसतं बसवलेलं. सरस नाही, खिळा नाही. पॅनेल खोबणीत आत-बाहेर सरकतं, चौकट जागची हलत नाही. भेग पडते ती पॅनेल कुठेतरी अडकल्यावर.

आणि दर वर्षी ती रुंदावते, याला कारण आपण भरलेला मसाला. हिवाळ्यात भेग सगळ्यात रुंद असताना तुम्ही तिच्यात कडक काहीतरी भरता. उन्हाळ्यात पॅनेल फुगू पाहतं. दोन्ही बाजूंना चौकट आणि मध्ये इपॉक्सी. फुगायला जागाच नाही, म्हणून लाकडाचे तंतू आतल्या आत चेपले जातात. चेपलेले तंतू पुन्हा पूर्ववत होत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात पॅनेल आकसायला लागतं ते या चेपलेल्या, आखूड झालेल्या रुंदीपासून. साहजिकच भेग अधिक मोठी. मी दोन वर्षं स्वतःच्या हाताने पॅनेल अरुंद करत होतो, वर दुकानदाराला नावं ठेवत होतो.

कोरीवकामामुळे आणखी एक भानगड होते. पॅनेल सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. आशेचा गुडघा पुढे आलेला, तिथे लाकूड जाड. तिच्या मागची जमीन खोल खोदलेली, तिथे जेमतेम काही मिलिमीटर. शिवाय कोरताना तंतू तिरपे कापले जातात, त्यांची तोंडं उघडी पडतात, आणि उघड्या तोंडातून पाणी फार लवकर जातं-येतं. ताण येतो तेव्हा पातळ जागा आधी फाटते. म्हणून भेग बहुतेक वेळा चेहऱ्याच्या कडेने, पायांच्या मधून, नक्षीच्या खोल भागातून पळते.

दुरुस्तीकडे वळण्याआधी कपाट नक्की कधीचं आहे हे बघून घ्या. 'रेनेसाँस', म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातली, म्हणून विकल्या जाणाऱ्या कपाटांतली बरीच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असतात. फ्रान्समध्ये त्यांना दुसऱ्या आंरीचं नाव आहे. तो राजा १५४७ ते १५५९ गादीवर होता आणि त्याच्या नावाची जेवणघरातली कपाटं तीनशे वर्षांनी घरोघरी आली. जर्मनीत १८७१ नंतर याच शैलीची लाट आली, बेल्जियममध्ये मेखेलेन शहर अशा कोरीव ओकसाठी प्रसिद्ध झालं. नक्षीचे नमुने मात्र खरेच जुने. पट्ट्या कातरून गुंडाळल्यासारखी ती वेलबुट्टी, मुखवटे, फळांचे हार, हे सगळं हान्स व्ह्रेडेमान दे व्ह्रीस (जन्म १५२७, लेउवार्डेन) यांच्यासारख्यांच्या छापील नमुन्यांतून उत्तर युरोपभर पसरलेलं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं खरं डच मूर्तींचं कपाट, ज्याला इथे 'बेल्डेनकास्ट' म्हणतात, बघायचं असेल तर ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये जा. एकदा ते पाहिलं की माझ्या आशेचा चेहरा किती घाईत कोरलाय ते कळतं.

वय ओळखायला पुढून नाही, मागून बघायचं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून टॉर्च मारा. मागच्या फळ्यांवर कमानीसारखे एकसारखे ओरखडे दिसले तर ती गोल करवत, म्हणजे एकोणिसावं शतक किंवा त्यानंतर. फळ्या ओबडधोबड, जाडी कमी-जास्त, एका कडेला पाचरीसारख्या निमुळत्या असतील तर खोड चिरून काढलेलं जुनं लाकूड असण्याची शक्यता चांगली. खुंट्या हाताने तासलेल्या, किंचित कोनेदार, पृष्ठभागाच्या जरा वर आलेल्या, हीही जुनी खूण. टोकदार स्क्रू मूळचे असतील तर कपाट साधारण १८५० नंतरचं. एकाच खुणेवरून निकाल देऊ नका. मागची फळी नंतर बदललेली असू शकते.

तीन-चार खुणा सोळाव्या-सतराव्या शतकाकडे बोट दाखवत असतील तर पुढचं वाचा, पण हात लावू नका. संवर्धन करणाऱ्या जाणकाराला बोलवा. विशेषतः पॅनेलच्या कडा कुणालाही तासू देऊ नका. ओकची वाढीची वलयं मोजून लाकडाचा काळ ठरवता येतो, आणि सालीजवळची शेवटची वलयं याच कडांवर असतात.

माझ्यासारखं एकोणिसाव्या शतकातलं असेल तर घरी बरंच करता येतं. पहिली तपासणी फुकट आहे आणि ती जानेवारी-फेब्रुवारीतच होते. पॅनेल जिथे चौकटीत शिरतं तिथे दोन्ही उभ्या कडा टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. पॉलिश न लागलेली, फिकट लाकडाची बारीक रेघ बाहेर आलेली दिसते का? दोन्ही कडांना दिसली तर पॅनेल मोकळं आहे, सरकतंय. भेग जुन्या जखमेची आहे, नुसती चिकटवून भागेल. एकाच कडेला दिसली तर दुसऱ्या कडेला अडकलंय. दोन्हीकडे कुठेच नाही आणि भेग मात्र उघडी, तर दोन्ही कडा जखडल्या आहेत. माझं तिसऱ्या प्रकारातलं निघालं. ही एक गोष्ट पहिल्या वर्षी माहीत असती तर पुट्टीचा डबा उघडलाच नसता.

आता अडकलंय कशाने ते शोधायचं. गुन्हेगार ठरलेले असतात. सगळ्यात नेहमीचा म्हणजे खोबणीच्या तोंडाशी साचून कडक झालेलं वार्निश आणि मेण. शंभर वर्षं प्रत्येकाने पॉलिश करताना तिथे थोडं थोडं भरलेलं असतं. दुसरा, कुणीतरी 'खुळखुळतंय' म्हणून खोबणीत ओतलेला सरस. तिसरा, पॅनेलभोवतीची सुशोभित पट्टी: तिचे खिळे चौकटीत हवेत, ते पॅनेलमध्ये घुसलेले असतात. चौथा, वरून चिकटवलेली मूर्ती, जिचं डोकं पॅनेलवर आणि पाय चौकटीवर. आणि पाचवा आमचा कारागीर, मागून आडव्या पट्ट्या मारणारा. तंतूंच्या आडव्या दिशेने स्क्रूने आवळलेली कुठलीही पट्टी ही भेगेला दिलेली तारीख समजायची.

सोडवायची सुरुवात मागून. आडव्या पट्ट्या काढा. स्क्रू गंजून बसला असेल तर जोर करू नका. तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर धरलं की बहुतेक वेळा हलतो. मग रंगकामातली पातळ, लवचिक सुरी घेऊन पॅनेलच्या चारही कडांनी खोबणीच्या तोंडातला कचरा कापत जा. घाई नको, एका दाराला माझी अख्खी दुपार गेली. सरस असेल तर दोन उपाय: कोमट पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने तो मऊ करायचा, किंवा स्पिरिटचे थेंब सोडून ठिसूळ करायचा म्हणजे तो कटकन तुटतो. स्पिरिट लाखेचं पॉलिश विरघळवतं, तेव्हा ते मागूनच वापरा आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर बघा. व्हिनेगर नको. ओकमध्ये टॅनिन असतं; आम्ल, लोखंड आणि ओलावा एकत्र आले की शाईसारखे निळे-काळे डाग पडतात. त्याच कारणाने पोलादी काथ्याने (स्टील वूलने) घासून वर ओलं फडकं फिरवू नये. नवे स्क्रू लावायचेच तर पितळेचे.

पॅनेल मोकळं झालं की तळव्याने हलकं डावी-उजवीकडे ढकलून बघा. केसभर सरकलं तरी पुरे.

त्यानंतर भेग. जुनी पुट्टी आणि इपॉक्सी पूर्ण निघायला हवं, नाहीतर चिकटवणार कशाला? इपॉक्सी काढताना कोरीवकामाचा एक टवका गेला. तो आशेच्या बाहीवर आहे, सांगितल्याशिवाय कळत नाही. भेग बारीक असेल आणि क्लॅम्पच्या हलक्या दाबाने मिटत असेल तर गरम सरस सोडून मिटवून टाका. सरसच का? कारण उद्या चुकलं तर तो परत सोडवता येतो. पांढऱ्या गोंदाने चिकटलेलं सोडवताना लाकूडच फाटतं. क्लॅम्प कोरीव भागावर टेकवायचा नाही हे सांगायला नको, पण सांगतो.

माझं पॅनेल चेपून अरुंद झालेलं होतं, त्यामुळे ऑगस्टमध्येही भेग पूर्ण मिटत नव्हती. अशा वेळी जुन्या ओकची पातळ, पाचरीसारखी निमुळती पट्टी तासून बसवायची. पट्टीचे तंतू पॅनेलच्याच दिशेने, काप शक्यतो तसाच, आणि लाकूड जुनं. मोडक्या ड्रॉवरचा तळ यासाठी सोन्यासारखा. हे काम जानेवारीत करू नका आणि ऑगस्टमध्येही नको; एप्रिल-मे किंवा सप्टेंबरात, पॅनेल मधल्या रुंदीवर असताना करा. पट्टी पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवून सरस वाळल्यावर पटाशीने भोवतालच्या नक्षीच्या चढउतारात मिळवून घ्यायची. सँडपेपर नाही. सँडपेपरने कोरीवकामाच्या धारा जातात, आणि त्या गेल्या की चेहरा साबणाच्या वडीसारखा दिसतो. पॅनेल काही केल्या सुटतच नसेल तर पट्टी एकाच बाजूने चिकटवा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. नाहीतर रंगीत मेण भरा. मेण उन्हाळ्यात दबून बाहेर येतं, पुसून टाकायचं. दिसायला तितकं सुबक नाही, पण लाकूड चेपलं जात नाही.

तेलाबद्दल दरवेळी विचारलं जातं. 'लाकूड सुकलंय, त्याला जवसाचं तेल पाजा.' लाकूड तहानलेलं नसतं. तेलाने पाण्याची ये-जा थांबत नाही, खोबणीत जाऊन ते चिकट होतं, धूळ धरतं, काळं पडतं, आणि पॅनेल पुन्हा जखडतं. वर्षातून एकदा पातळसं मेण, तेही खोबणीच्या तोंडापासून दूर ठेवून. बस.

हवेचं काय? एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्या, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलसर करा, ते आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. माझा ६८ दाखवत होता, म्हणजे सात मिळवायचे. कपाटाजवळ पंचेचाळीस ते साठ टक्के राहिले तर लाकूड फार कुरकुरत नाही. जानेवारीत माझ्याकडे सत्तावीस होते. रेडिएटरवर पाण्याची वाटी ठेवून तीन टक्केसुद्धा वाढले नाहीत. मोठ्या खोलीला दिवसाला काही लिटर पाणी लागतं, त्याला ह्युमिडिफायरच हवा. खिडकीची काच भिजायला लागली तर मात्र थांबा, नाहीतर कपाट वाचेल आणि भिंतीला बुरशी येईल. त्याहून जास्त फरक पडला तो कपाट रेडिएटरपासून दोन मीटर दूर सरकवून आणि थर्मोस्टॅट एकोणिसावर आणून. जमिनीखालून हीटिंग असेल तर कपाटाचे पाय उचलून घ्या, खालून हवा खेळली पाहिजे.

भेगेतून भुगा पडतो म्हणून काही जण घाबरतात. दरवेळी भुंगेरा नसतो. खरवडलेली पुट्टीही पडते. चिमटीत चोळून बघा. खरखरीत कण आणि दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं हे नेहमीच्या फर्निचरच्या भुंगेऱ्याचं लक्षण, टाल्कम पावडरसारखा मऊ भुगा हे लिक्टस या दुसऱ्या भुंगेऱ्याचं; तो ओकच्या सालीलगतच्या कोवळ्या लाकडातच राहतो. जुनी भोकं काळपट असतात, ताजी फिकट. खात्री नसेल तर कपाटाखाली काळा कागद पसरा आणि मे ते ऑगस्ट लक्ष ठेवा. कागद कोरा राहिला तर औषधावर पैसे घालू नका.

आणि परत भारतात जाताना कपाट कंटेनरमध्ये टाकायचा विचार असेल तर एवढंच: मुंबईला किंवा गोव्याला दुखणं उलटं होतं. तिथे पॅनेल फुगतं, आणि खोबणीत जागा नसेल तर चौकटीचे सांधेच उचकटतात. पुण्यात एप्रिलची दुपार इथल्या जानेवारीइतकीच कोरडी आणि जुलै ओलाचिंब. म्हणजे दोन्ही दुखणी एकाच वर्षात. निघायच्या आधी पॅनेल मोकळी करून घ्या आणि तिथे पोचल्यावर वाळवीच्या दृष्टीने पाय जमिनीच्या ओलीपासून वर ठेवा.

पट्टी मी मागच्या सप्टेंबरात बसवली. फेब्रुवारीत टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसलो: डावीकडे फिकट रेघ दीड मिलिमीटर, उजवीकडे जरा कमी, आशेच्या कपाळावर काही नाही. श्रद्धेच्या दारावर मात्र एकाच कडेला रेघ दिसते. तिचं काम एप्रिलमध्ये.